दुसरं यंत्र

पेसमेकरची बॅटरी एका रात्रीत संपत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण ज्यांच्या छातीत तो आहे त्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मनात नेमकी हीच धास्ती असते, की झोपेत कधीतरी यंत्र बंद पडेल आणि कुणाला कळायचंही नाही. तसं होऊ नये याची तजवीज यंत्र बनवणाऱ्यांनी फार विचारपूर्वक केली आहे. माझ्यासारख्या बऱ्याच जणांच्या यंत्रात लिथियम-आयोडीनची बॅटरी असते. नवी असताना ती २.८ व्होल्टची असते आणि वर्षानुवर्षं अतिशय सावकाश उतरत जाते. ठरावीक पातळीच्या खाली गेली की यंत्र स्वतःच तशी नोंद करतं, आणि त्यानंतरही साधारण तीन महिने ते नीट काम करेल एवढी शिल्लक तिच्यात ठेवलेली असते.

माझ्या यंत्राने ही नोंद केली, ती मला आधी जिन्यावर कळली. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. रोजचाच जिना चढताना धाप लागायला लागली, आणि मानेत, कानाच्या खाली, काहीतरी उसळी मारतंय असं वाटू लागलं. वय झालं, असं म्हणून मी गप्प बसले असते. पण माझ्या तपासणीची तारीख जवळच होती. मिरजेला गेल्यावर उलगडा झाला. बॅटरी उतरणीला लागली तसं यंत्राने आपला खर्च कमी केला होता. आतापर्यंत ते हृदयाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांशी मेळ ठेवून चालत होतं. आता त्याने वरचा कप्पा सोडून दिला आणि फक्त खालच्याला मिनिटाला ६५ ठोके द्यायला घेतले. जिना असो की झोप, ६५. वरचा कप्पा आपल्या तालात आकुंचन पावायचा, त्या वेळी कधीकधी खालची झडप बंद असायची, आणि रक्त उलटं मानेच्या शिरेत उसळायचं. सगळीच यंत्रं असं करत नाहीत, कंपनीकंपनीप्रमाणे पद्धत वेगळी असते. पण पेसमेकर असलेल्या माणसाला सात-आठ वर्षांनंतर असा नवाच थकवा जाणवला, तर त्याने तो वयाच्या खात्यावर टाकू नये.

तपासणीच्या खोलीत कंपनीचा मुलगा असतो. लॅपटॉपसारखं दिसणारं यंत्र घेऊन बसतो आणि त्याला जोडलेली एक चपटी तबकडी आपल्या छातीवर, पेसमेकरच्या बरोबर वर ठेवतो. कातडीतून, कपड्यातून, दोन यंत्रांचं बोलणं सुरू होतं. "काकू, ईआरआय आलाय," तो म्हणाला. म्हणजे आता बदलायची वेळ झाली. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही. छोटंसं काम आहे. बॅटरी बदलू, दुसऱ्या दिवशी घरी."

डॉक्टर माझे चांगले आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्या ऑपरेशनच्या मानाने हे काम छोटंच असतं. तरीही मला त्यांच्याकडून जास्त ऐकायचं होतं. घड्याळाची बॅटरी काढून दुसरी घालतात तसा हा प्रकार नाही. पेसमेकरची टायटेनियमची डबी कारखान्यात जोडून कायमची बंद केलेली असते. शरीरातला ओलावा आत जाऊ नये म्हणून ती पुन्हा उघडता येईल अशी ठेवलेलीच नसते. त्यामुळे बॅटरी संपली की बॅटरीसकट सगळी डबी बदलतात. राहतात त्या फक्त वायरी, खांद्याजवळच्या शिरेतून हृदयात उतरलेल्या. इतक्या वर्षांत शिरेच्या आणि हृदयाच्या अस्तराशी त्या एकजीव झालेल्या असतात. दुसऱ्या ऑपरेशनचं सगळं साधेपण या जुन्या वायरींवर उभं असतं. त्या धड असतील तर फक्त डबी बदलून भागतं. त्यांतली एखादी आतून तुटली असेल किंवा तिचं आवरण विरलं असेल, तर काम एकदम मोठं होतं. म्हणून माझा पहिला प्रश्न बॅटरीबद्दल नव्हता, वायरींबद्दल होता.

त्याचं उत्तर त्याच खोलीत मिळालं. तंत्रज्ञ प्रत्येक वायरीचा रोध मोजतो. ती हृदयाचा स्वतःचा ठोका नीट ओळखते का हे बघतो. मग ठोका द्यायची वीज थोडी थोडी कमी करत जातो, कमीत कमी किती व्होल्टला हृदय साथ देतं ते कळेपर्यंत. माझ्या दोन्ही वायरी धडधाकट निघाल्या. हे ऐकून मला जो आनंद झाला तो मी कोणाला समजावून सांगू शकले नाही. घरी सगळे बॅटरी संपल्याच्या काळजीत होते आणि मी वायरींच्या आनंदात.

यानंतर डॉक्टर म्हणाले, "आता तुमचं स्वतःचं काय शिल्लक आहे, ते बघू." यंत्राचा वेग पायरीपायरीने खाली आणायचा आणि त्याखाली हृदय आपणहून चालतं का हे पाहायचं, अशी ही तपासणी. ६०, ५०, ४०, मग आणखी खाली. पडद्यावरच्या रेषेतले उंचवटे एकमेकांपासून लांब जाऊ लागले. कंपनीच्या मुलाचं बोट बटणावरच होतं आणि डॉक्टरांचं माझ्या मनगटावर. "गरगरलं की लगेच सांगा, काकू." गरगरायला लागलंच होतं. पलंगाची कड हाताने घट्ट धरली. रेषा सपाट झाली, लांबच लांब सपाट, आणि मग एक रुंद, बेढब उंचवटा उमटला. थांबून आणखी एक. मिनिटाला तीस-बत्तीसच्या वेगाने, यंत्राचा एकही ठोका न लागता. तो माझा होता. इतकी वर्षं ज्याच्या वतीने दुसरं कोणी काम करत होतं, ते माझं हृदय खाली आपल्या परीने जागं होतं. मुलाने बटण सोडलं, यंत्राने पुन्हा सूत्रं घेतली. "आहे की काकू तुमचं स्वतःचं," तो हसून म्हणाला. या तपासणीला व्यावहारिक अर्थ आहे. जुनी डबी काढून नवी जोडताना काही सेकंदांचा खंड पडू शकतो. ज्यांच्या हृदयाचं स्वतःचं काहीच उरलेलं नसतं, त्यांच्यासाठी जांघेच्या शिरेतून तात्पुरती वायर घालण्यासारखी सोय आधी करून ठेवावी लागते. मला ती लागणार नव्हती.

यांत आणखी एक तपासणी व्हायला हवी आणि ती आपण मागून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे: इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. खालच्या उजव्या कप्प्याला वर्षानुवर्षं एकाच जागेवरून ठोका मिळत राहिला, तर काही जणांचं हृदय हळूहळू कमजोर होतं. ते वेळेवर दिसलं, तर डबी बदलतानाच आणखी एक वायर घालून दोन्ही बाजूंना मेळात आणता येतं किंवा ठोका हृदयाच्या नैसर्गिक वाहिनीतून जाईल अशी जागा निवडता येते. पॉकेट, म्हणजे कातडीखालची डबीची जागा, उघडणारच आहे, तर तो विचार तेव्हाच व्हावा. तो न करता जुन्यासारखीच डबी बसवली आणि वर्षभरात पुन्हा छाती उघडावी लागली, तर त्या माणसाच्या वाट्याला दुप्पट धोका येतो.

हे सगळं विचारायला मी का एवढी धडपडत होते, ते आता सांगते. पहिल्या वेळी मी मंडईत कोसळले होते. हृदयातला विजेचा मार्ग पूर्ण तुटला होता, नाडी तिसाच्या घरात. त्यानंतरचं मला फारसं काही आठवत नाही. ॲम्ब्युलन्स, फॉर्मवरची सही, कुठल्या कंपनीचं यंत्र, एक वायर की दोन, पैसे, हे सगळं आमच्या यांनी पाहिलं. कॅथलॅबच्या दाराबाहेर उभं राहिल्याचं, आत काय चाललंय हे न कळण्याचं, ते सगळं वर्णन यांच्याकडून मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते मला पाठ आहे. पण ते यांचं आहे. माझ्या छातीत जे घडलं, त्याची आठवण माझ्याजवळ नाही. दुसऱ्या वेळी मी माझ्या पायांनी चालत जाणार होते, शुद्धीवर असणार होते, सही मी करणार होते. म्हणून मला हे छोटंसं काम छोटं वाटत नव्हतं, आणि भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त होती.

पहिलं आणि दुसरं यांत किती अंतर असतं, हे आर्ने लार्सन यांच्या गोष्टीत दिसतं. शरीराच्या आत बसवलेला पेसमेकर मिळालेला जगातला हा पहिला माणूस. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ला शल्यचिकित्सक ओके सेनिंग यांनी त्यांच्यावर ऑपरेशन केलं. यंत्र रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलं होतं. इपॉक्सीत बंद केलेलं ते यंत्र ओतायला साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. लार्सन तेव्हा ४३ वर्षांचे होते, दिवसातून कितीतरी वेळा बेशुद्ध पडायचे, आणि त्यांच्या पत्नीने, एल्से-मारी यांनी, या दोघांच्या मागे लागून हे घडवून आणलं. ते पहिलं यंत्र काही तासच चाललं. दुसरं बसवावं लागलं. पुढे आयुष्यभर त्यांना वीसहून अधिक वेळा यंत्र बदलावं लागलं. ते २००१च्या डिसेंबरात ८६व्या वर्षी गेले, तेही हृदयाने नाही, कर्करोगाने. सेनिंग आणि एल्मक्विस्ट दोघंही त्यांच्या आधी गेले होते. इतिहासात नोंद पहिल्या ऑपरेशनची होते. माणूस जगला तो नंतरच्या सगळ्या ऑपरेशनांवर.

सुरुवातीच्या काळात पाऱ्याच्या बॅटऱ्या असत, त्या जेमतेम दोनेक वर्षं टिकत. १९७०च्या दशकात विल्सन ग्रेटबॅच या अमेरिकन संशोधकाच्या प्रयत्नाने लिथियम-आयोडीनची बॅटरी पेसमेकरात आली आणि त्या दोन वर्षांची आठ-दहा वर्षं झाली. माझ्या वाट्याला ही दशकभराची निश्चिंती आली, त्यामागे इतक्या लोकांनी इतक्यांदा छाती उघडून घेतलेली आहे.

ऑपरेशनच्या आधीचं सांगते. बदलाचं ऑपरेशन सोपं असलं तरी जंतुसंसर्गाचा धोका यात पहिल्या वेळेपेक्षा जास्त असतो. जुन्या पॉकेटभोवती जे अस्तर तयार झालेलं असतं त्यात रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिथे जंतू शिरले तर शरीराला त्यांच्याशी नीट लढता येत नाही. आणि एकदा का पॉकेटमध्ये पू झाला, की औषधाने भागत नाही. डबी तर काढावीच लागते, पण त्या एकजीव झालेल्या वायरीही ओढून काढाव्या लागतात. ते खरं मोठं आणि जोखमीचं ऑपरेशन. म्हणून साखर ताब्यात हवी, ताप किंवा अंगावर कुठे गळू असेल तर तारीख पुढे ढकलावी, आदल्या रात्री आणि सकाळी जंतुनाशक साबणाने अंघोळ करावी. चीर देण्याआधी तासाभराच्या आत शिरेतून ॲंटिबायोटिक देतात. ते दिलं का, हे विचारायला मी लाजले नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नये. पूर्वी ती थांबवून मध्ये हेपारिनची इंजेक्शनं द्यायची पद्धत होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की हेपारिन दिलेल्यांपैकी १६ टक्के लोकांच्या पॉकेटमध्ये रक्ताची मोठी गाठ झाली, आणि वॉरफरिनची, म्हणजे रक्त पातळ करणारी, गोळी तशीच चालू ठेवलेल्यांत ३.५ टक्के. माझ्या शेजारच्या पलंगावरचे आजोबा आपली गोळी कधीच सोडून बसले होते, कारण गावातल्या कोणीतरी तसं सांगितलं होतं. त्यांची तारीख पुढे गेली.

कॅथलॅबमध्ये फार गार असतं. अरुंद टेबल, दोन्ही बाजूंना पडदे, आणि चेहऱ्यावर निळं कापड. एका बाजूने कापड उचलून सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. ऑपरेशनभर त्यांचा चेहराच मला दिसत होता. सलाईनमधून थोडं गुंगीचं औषध दिलं, पूर्ण भूल नाही. जुन्या व्रणाजवळ बधिर करायची सुई टोचली, ती चांगलीच चुरचुरते, आणि मग दुखणं संपून फक्त दाब उरतो. कोणीतरी छातीवर रेलून काहीतरी उपटतंय असा दाब. कॉटरीने, म्हणजे विजेच्या चटक्याने, रक्त थांबवताना जळका वास येतो आणि तो आपलाच असतो, हे आधी माहीत असलेलं बरं. त्या कॉटरीच्या विजेला हृदयाचा ठोका समजून यंत्र गप्प बसू नये, म्हणून कंपनीच्या मुलाने ते आधीच अशा पद्धतीवर टाकलं होतं, की काही ऐकायचं नाही, फक्त ठोके देत राहायचं.

शरीर परक्या वस्तूभोवती अस्तर विणतं, हे मी वाचलं होतं. डॉक्टरांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मला सांगत राहा. "हे बघा, आता कॅप्सूल आलं," ते म्हणाले. अंड्याच्या कवचाखाली पापुद्रा असतो तसं गुळगुळीत, पांढरं अस्तर, आणि ते चिरलं की आत ती डबी कोरडी, स्वच्छ. इतकी वर्षं माझ्या शरीराने तिला वेगळी खोली बांधून दिली होती. डबी बाहेर आली. आधी खालच्या कप्प्याची वायर सोडवायची, कारण जगणं तिच्यावर आहे. "काकू, आता क्षणभर." मॉनिटरच्या आवाजात खंड पडला. सिस्टरांनी माझी बोटं धरली. छातीत काही नव्हतं. मी त्या रुंद, बेढब उंचवट्याची वाट पाहत होते, पण त्याची पाळी आलीच नाही. वायर नव्या डबीत गेली आणि आवाज पुन्हा सुरू झाला. वायर पक्की बसवायला बारीकसा स्क्रू असतो, तो ठरलेल्या जोराला घट्ट झाला की हातातली किल्ली कट्कन वाजते. तो आवाज मी स्पष्ट ऐकला. मग डॉक्टरांनी वायर हलकेच ओढून पाहिली. दुसरी वायर, पुन्हा तोच कट्ट. धुणं, पुसणं, टाके. तासाभरात सगळं झालं.

बाहेर हे उभे होते. या वेळी सांगायला माझ्याजवळ गोष्ट होती, आणि ऐकायची पाळी यांची.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. वहिनींना माझं पहिलं ऑपरेशन आठवत होतं. त्यांनी हात गळ्यात बांधूनच ठेवायला सांगितलं. पहिल्या वेळी ते बरोबर असतं, कारण वायरी नव्या असतात, जोरात हात वर गेला तर निसटू शकतात. दुसऱ्या वेळी त्या कधीच्या रुजलेल्या असतात. जड उचलायचं नाही, टाक्यांवर ताण येऊ द्यायचा नाही, पण हात हलता ठेवायचा. नाहीतर खांदा आखडतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं. ड्रेसिंग आठवडाभर कोरडं ठेवायचं. व्रणाभोवती निळं, मग हिरवं, मग पिवळं होत जातं, ते चालतं. पॉकेट फुगत गेलं, लाल झालं, ओघळायला लागलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जायचं, आणि सुई घालून आतलं पाणी काढू म्हणणाऱ्या कोणालाही हात लावू द्यायचा नाही. त्या सुईनेच जंतू आत जातात. बायकांसाठी एक गोष्ट कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते: ब्लाऊजची शिवण आणि आतल्या कपड्याचा पट्टा नेमका व्रणावर घासतो. मी मऊ सुती कापडाची घडी पट्ट्याखाली ठेवत होते. गाडीच्या पट्ट्यालाही तेच.

बाकीचं पूर्वीचंच. मोबाईल दुसऱ्या बाजूच्या कानाला, यंत्रापासून वीतभर लांब. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट. गणपतीत मोठ्या स्पीकरला टेकून उभं राहायचं नाही, त्यात लोहचुंबक असतो. विमानतळावर नवं कार्ड दाखवायचं. एक मात्र नव्याने विचारून घ्यावं: नवी डबी एमआरआयला चालणारी असली, तरी जुन्या वायरी तशा नसतील तर दोन्ही मिळून ते चालत नाही. माझ्या फाईलवर ते स्पष्ट लिहून घेतलं.

जिना आता पूर्वीसारखा चढते. मानेतली उसळी गेली.

जुनी डबी मला पाहायला मिळाली. तळहातात मावणारी, चपटी, कडेला थोडी काळवंडलेली. तिची बॅटरी संपलेली असल्याने तिचा कोणाला उपयोग नव्हता. पण बॅटरी शिल्लक असलेल्या यंत्रांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेत मृत्यूनंतर काढलेली अशी यंत्रं तिथल्या अंत्यविधी करणाऱ्यांनी दान दिली, ती तपासून, स्वच्छ करून, निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवली गेली. त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्या रुग्णांतल्या अनेक बायका पुन्हा घरकाम करू लागल्या, अशी त्यात नोंद आहे. नवं यंत्र परवडत नाही म्हणून ज्या अंथरुणाला खिळल्या असत्या, त्या.

आपल्याकडे तर हे यंत्र मृत्यूनंतर काढावंच लागतं. बंद डबीतली लिथियमची बॅटरी आगीत फुटते, चिता असो की विद्युतदाहिनी. काढायचंच आहे, तर ते कचऱ्यात का जावं? परवा जेवणं झाल्यावर मी यांना आणि मुलीला सांगितलं, की तेव्हा डॉक्टरांना बोलावून ते काढून घ्या, आणि त्यात चार-पाच वर्षांची बॅटरी उरलेली असेल, तर ते कोणाच्या कामी येतंय का, हे विचारा.

"आत्ताच कशाला हे बोलायचं?" हे म्हणाले.

"पहिल्या वेळी मला काही सांगायला मिळालं नव्हतं, म्हणून."

यांनी आणखी काही विचारलं नाही. मुलीने फाईल काढली आणि पहिल्याच पानावर, नव्या यंत्राचा नंबर असलेल्या स्टिकरच्या खाली, ते लिहून ठेवलं.